शाळा संपल्यावर काय? विशेष गरजा असलेल्या तरुणांची कामासाठी तयारी



विशेष शाळेत जाणारे मूल ज्या घरात आहे, तिथली सकाळ इतर घरांसारखीच धावपळीची असते. डबा, गणवेश, रिक्षा किंवा शाळेची गाडी. मूल अठरा वर्षांचे होते आणि एके दिवशी ती गाडी यायची बंद होते. कायद्याने मोफत शिक्षणाचा हक्क दिला आहे तो सहा ते अठरा या वयासाठी. त्यानंतर बरोबरीची मुले कॉलेजला जातात, नोकरीला लागतात, त्यांची लग्ने ठरतात. आपला मुलगा किंवा मुलगी मात्र टीव्हीसमोर बसून राहते. दोन-तीन वर्षांत वजन वाढते, चिडचिड वाढते आणि शाळेत कष्टाने शिकलेले हळूहळू विसरायला होते. आईवडिलांच्या मनात एकच प्रश्न घोळत असतो : आमच्यानंतर याचे काय?

या प्रश्नाचे पूर्ण उत्तर एका लेखात मावणार नाही. पण त्याचा एक मोठा भाग म्हणजे काम. आपल्या मुलाला जमेल असे, मोबदला मिळणारे आणि त्याला दररोज घराबाहेर नेणारे काम. त्याची तयारी कशी करावी, हे आज पाहू. हा लेख अशा मुलांच्या पालकांसाठी आहेच, पण ज्यांची दुकाने, बेकऱ्या, वाड्या, कार्यालये आहेत त्यांनीही तो वाचावा, कारण त्यांच्यावाचून हे गाडे पुढे सरकत नाही.

आधी शब्दांविषयी थोडेसे. पूर्वी सरसकट ‘मतिमंद’ म्हटले जाई. आता बौद्धिक अक्षमता असे म्हणतात आणि तेच योग्य आहे. विशेष गरजा असलेली सगळी मुले एकसारखी नसतात. डाऊन सिंड्रोम, स्वमग्नता, सेरेब्रल पाल्सी, अध्ययन अक्षमता या निरनिराळ्या अवस्था आहेत. २०१६ च्या दिव्यांग व्यक्ती हक्क कायद्यात एकूण २१ प्रकार नमूद आहेत. सेरेब्रल पाल्सी असलेल्या एखाद्या मुलीची बुद्धी तल्लख असते, फक्त हात आणि जीभ साथ देत नाहीत. अध्ययन अक्षमता असलेला मुलगा वाचताना अडखळतो, पण पंपाची मोटर खोलून पुन्हा जोडतो. तेव्हा ‘अशा मुलांसाठी कोणते काम चांगले?’ असे विचारू नका. ‘या मुलासाठी कोणते?’ असे विचारा.

नोकरी जाते ती कशामुळे?

पालकांना वाटते की मुलाला एखादी कला शिकवली की काम मिळेल. म्हणून मेणबत्त्या, कागदी पिशव्या, पणत्या यांचे वर्ग शोधले जातात. परंतु या क्षेत्रात काम करणारे एक गोष्ट पुन्हा पुन्हा सांगतात. अशा तरुणांची नोकरी जाते तेव्हा काम जमले नाही हे कारण असतेच असे नाही. पुष्कळदा कारण वेगळेच असते : वेळेवर येत नाही, रागावले की रडतो, गिऱ्हाइकाला मिठी मारतो, जेवणाची सुट्टी संपली तरी उठत नाही, समजले नाही तरी ‘हो’ म्हणतो. यातले काहीही कार्यशाळेत सुरू होत नाही. ते घरात सुरू होते आणि बारा-तेरा वर्षांच्या वयापासून व्हायला हवे.

गजर लावून स्वतः उठणे. अंघोळ, दाढी किंवा मासिक पाळीतली स्वच्छता स्वतः सांभाळणे. शौचालयाचे दार आतून लावणे आणि बाहेर पडताना कपडे नीट करणे. स्वतःचा डबा भरून घेणे. ही यादी वाचून कुणाला हसू येईल, पण आईने दाढी करून दिलेला बावीस वर्षांचा तरुण कामावर चार दिवसही टिकत नाही. सकाळच्या घाईत मुलाच्या शर्टाची बटणे आपण लावली की पाच मिनिटे वाचतात, हे खरेच. ती पाच मिनिटे वीस वर्षे रोज वाचवली तर मुलगा विसाव्या वर्षीही आपल्यासमोर शर्ट घेऊन उभा राहतो. प्रेमापोटी केलेली ही मदत सर्वांत महाग पडते, असे माझे स्पष्ट मत आहे.

माणसांशी वागण्याचेही तसेच. लहान असताना सगळे काका-मामा गालगुच्चे घेतात, मूल सर्वांच्या गळ्यात पडते आणि आपण कौतुक करतो. तेच वागणे अठराव्या वर्षी लोकांना खटकते आणि मुलांना धोक्यातही घालते. मिठी कुणाला, हस्तांदोलन कुणाशी आणि नुसता नमस्कार कुणाला, हे ठरवून शिकवावे लागते. घरातल्या माणसांचे, ओळखीच्यांचे आणि अनोळखी लोकांचे फोटो तीन वेगळ्या कागदांवर चिकटवून हा धडा देता येतो. त्यातच दुसरा धडा येतो : माझ्या अंगाला कुणी नको तिथे हात लावला तर ‘नाही’ म्हणायचे, तिथून निघायचे आणि घरी सांगायचे. हे मुलींना शिकवावे तसेच मुलांनाही शिकवावे.

आणखी दोन वाक्ये मुलांना यायलाच हवीत. एक, ‘मला समजले नाही, पुन्हा सांगा.’ दुसरे, ‘माझे काम झाले, आता काय करू?’ ज्याला बोलता येत नाही त्याने हीच वाक्ये लिहिलेली किंवा चित्र काढलेली कार्डे दाखवावीत. घरात रोज ही वाक्ये वापरण्याची संधी द्या. सगळे समजावून दिलेत, सगळे हातात आणून दिलेत, तर त्याला विचारण्याची गरजच पडणार नाही.

शिकवायचे कसे?

विशेष शिक्षक एक पद्धत वापरतात, ती घरीही सहज जमते. काम लहान पायऱ्यांत तोडायचे. उदाहरण आपल्या वसईतलेच घेऊ : मेथीची जुडी बांधणे. मूठभर मेथी घेणे, माती झटकणे, पिवळी पाने काढणे, मुळे एका पातळीत आणणे, दोरा गुंडाळणे, गाठ मारणे, जुडी क्रेटमध्ये ठेवणे. आपल्या लेखी हे एकच काम असते, मुलाच्या लेखी ही सात कामे आहेत. कुठल्या पायरीवर तो अडतो ते पाहिले तर बहुधा लक्षात येते की सात नव्हे, फक्त गाठ मारणे जमत नाही. मग तेवढेच शिकवायचे किंवा गाठीऐवजी रबर वापरायचे. रबर वापरले म्हणून मेथीची चव बदलत नाही.

ज्या मुलाला सुरुवातीलाच कंटाळा येतो त्याला शेवटची पायरी आधी शिकवावी. आईने सहा पायऱ्या करायच्या, सातवी त्याने. जुडी क्रेटमध्ये गेली, काम संपले, शाबासकी मिळाली. मग शेवटच्या दोन त्याच्या, नंतर तीन. अशा उलट्या क्रमाने शिकताना प्रत्येक वेळी काम पूर्ण केल्याचे समाधान त्याच्याच वाट्याला येते.

मदतही पायरीपायरीने कमी करायची. सुरुवातीला हाताला धरून, मग नुसते बोट दाखवून, मग तोंडी सांगून, शेवटी गप्प राहून. हे गप्प राहणे आपल्याला सर्वांत अवघड जाते. मुलगा थांबला की आपण लगेच बोलतो. मनात दहापर्यंत मोजा. पुष्कळदा सातव्या-आठव्या अंकाला त्याचा हात आपोआप पुढे जातो.

पायऱ्यांचे फोटो मोबाईलवर काढून त्यांचे प्रिंट भिंतीवर लावता येतात. स्वमग्न मुलांना बोललेल्यापेक्षा पाहिलेले अधिक लवकर कळते, असे अनेकांच्या बाबतीत दिसते. दिवसाचे वेळापत्रकही चित्रांत लावा आणि त्यात अधूनमधून मुद्दाम एक बदल करा. कामाच्या ठिकाणी बदल होतच असतात. ते सहन करण्याची सवय घरच्या सुरक्षित वातावरणात लागावी.

पैशांविषयी. बेरीज-वजाबाकी येत नाही म्हणून मुलाला पैसे हाताळू द्यायचे नाहीत, हे योग्य नव्हे. एक सोपी युक्ती आहे. वस्तू ३४ रुपयांची असेल तर दहाच्या चार नोटा द्यायच्या आणि उरलेले परत येईपर्यंत उभे राहायचे. म्हणजे पुढच्या दहापर्यंत मोजता आले की झाले. आता बहुतेक व्यवहार फोनवर होतात. तेही शिकवावे, मात्र थोडीच रक्कम असलेल्या वेगळ्या खात्यावर. पिन आणि ओटीपी कुणालाही सांगायचा नाही, ‘बँकेतून बोलतोय’ म्हणणाऱ्यालाही नाही, हे शंभर वेळा वदवून घ्यावे. सहीचाही सराव हवा. दर वेळी सारखी येईल अशी छोटी सही पुढे फार उपयोगी पडते.

प्रवास हा आपल्याकडे फार मोठा प्रश्न आहे. विरार लोकलची गर्दी आपल्यालाच सोसत नाही, तिथे या मुलांना कसे पाठवणार? खरे आहे. म्हणूनच शक्यतो पहिले काम वसई-विरारच्या हद्दीतच शोधावे, चालत किंवा एका रिक्षाने जाता येईल असे. तरीही लोकलचा प्रवास शिकवून ठेवावा. सुरुवात दुपारच्या, कमी गर्दीच्या वेळी करावी. आधी बरोबर बसायचे. काही आठवड्यांनी त्याच डब्यात जरा दूर उभे राहायचे. मग आपण पुढच्या स्टेशनवर थांबायचे आणि त्याला एकट्याला येऊ द्यायचे. दिव्यांगांसाठी राखीव डबा कुठे येतो, ती जागा प्लॅटफॉर्मवर दाखवून ठेवावी. वाट चुकण्याचाही सराव करून घ्यावा : घरी परतताना चुकून बोरिवलीपर्यंतच जाणाऱ्या गाडीत बसलो तर काय करायचे? तिथेच उतरायचे, घाबरायचे नाही, इंडिकेटरवर ‘विरार’ शोधायचे, नाहीतर पोलिसाला खिशातले कार्ड दाखवायचे. त्या कार्डावर नाव आणि घरचे दोन फोन नंबर पुरेत.

कोणते काम?

मुंबई परिसरात या कामाला जुनी परंपरा आहे. शिवडीची जय वकील संस्था १९४४ पासून बौद्धिक अक्षमता असलेल्या मुलांसाठी काम करीत आहे. पुढे ठिकठिकाणी विशेष शाळांना जोडून कार्यशाळा निघाल्या. सुरक्षित जागा, समजून घेणारे शिक्षक आणि सोबती हे त्यांचे मोठेपण. ज्यांना सतत देखरेख लागते त्यांच्यासाठी त्या आजही आवश्यक आहेत.

पण एक गोष्ट बोलायला हवी. कार्यशाळांतून मेणबत्त्या, पणत्या आणि लिफाफेच का बनतात? बहुतेक ठिकाणी शिकवणाऱ्यांना ते येते म्हणून. दिवाळीत आणि नाताळात प्रदर्शन भरते, आपण दयेपोटी चार वस्तू घेतो आणि वर्षभर त्या कपाटात पडून राहतात. वस्तू कुणी बनवली हे ठाऊक नसतानाही गिऱ्हाईक ती विकत घेईल का, हा प्रश्न विचारावा. उत्तर ‘हो’ असेल तर ते खरे काम.

दुसरा मार्ग म्हणजे सर्वांबरोबर, नेहमीच्या ठिकाणी नोकरी, पण आधारासह. सुरुवातीचे काही आठवडे एक जाणकार सोबती मुलाबरोबर कामावर जातो. काम कसे करायचे ते तिथेच शिकवतो, सहकाऱ्यांनाही समजावतो आणि हळूहळू मागे सरतो. या सोबत्याला जॉब कोच म्हणतात. हॉटेल आणि किरकोळ विक्रीच्या क्षेत्रात अशा नोकऱ्या मिळू लागल्या आहेत. २०१८ साली जुहूला सुरू झालेल्या ‘कॅफे अर्पण’मध्ये तर स्वयंपाकघरापासून वाढण्यापर्यंतची कामे बौद्धिक व विकासात्मक अक्षमता असलेल्या तरुणांकडे सोपवण्यात आली. गिऱ्हाईक तिथे खायला जाते आणि खाण्याचे पैसे देते. मेणबत्तीच्या प्रदर्शनात आणि यात फरक आहे तो इथेच.

तिसरा मार्ग घरच्या व्यवसायाचा. आपल्या धर्मग्रामात तो सहज उपलब्ध आहे आणि आपण त्याकडे पाहत नाही. वाडीतले पाणी, रोपांच्या पिशव्या भरणे, फुले खुडणे, केळी मोजून क्रेटमध्ये भरणे, बेकरीतले पाकीट भरणे, मंडप डेकोरेटरच्या खुर्च्या मोजून लावणे, लाँड्रीतल्या घड्या, झेरॉक्स. यातल्या पुष्कळ कामांत तेच तेच पुन्हा करावे लागते. इतरांना त्याचा कंटाळा येतो, आपल्या मुलाला कदाचित तेच आवडेल. कदाचित म्हणतो, कारण ‘डाऊन सिंड्रोमची मुले मनमिळाऊ असतात, स्वमग्न मुलांना एकाच जागी बसून करायचे काम लागते’ अशी सरधोपट वाक्ये ऐकून निर्णय घेऊ नये. मुलाकडे पाहावे. आवाज सहन होतो का? हात ओले झालेले चालतात का? सकाळी तरतरी असते की दुपारी? उभे राहून काम किती वेळ जमते? महिनाभर वहीत लिहिले की चित्र बरेच स्पष्ट होते. आणि त्याला स्वतःला काय आवडते, हेही विचारावे. वीस वर्षांच्या माणसाच्या नोकरीचा निर्णय त्याला न विचारता घेणे बरे नाही.

एकदम नोकरी नको. ओळखीच्या ठिकाणी दोन आठवडे, रोज दोन तास, असा अनुभव आधी द्यावा. मग दुसऱ्या प्रकारच्या ठिकाणी. अशा तीन-चार ठिकाणांहून मुलाविषयी जे कळते ते कुठल्याही चाचणीतून कळत नाही.

या बाबतीत आपले चर्च पहिली पायरी होऊ शकते. पत्रकाच्या घड्या घालणे, गीतांची पुस्तके गोळा करून मोजून कपाटात ठेवणे, हॉलमधल्या खुर्च्या, बागेतली झाडे. अट एवढीच की काम खरे असावे, वेळ ठरलेली असावी आणि चुकले तर ‘हे चुकले, पुन्हा कर’ असे कुणीतरी शांतपणे सांगणारे असावे. फोटो काढून टाळ्या वाजवण्यासाठी दिलेले काम मुलाला काहीच शिकवत नाही. पोप जॉन पॉल दुसरे यांनी १९८१ साली श्रमाविषयी ‘लाबोरेम एक्झेर्चेन्स’ हे परिपत्रक लिहिले, त्यात दिव्यांग व्यक्ती आणि काम यांवर एक स्वतंत्र विभाग आहे. केवळ सर्वार्थाने सक्षम असलेल्यांनाच कामात आणि समाजात जागा देणे हाही भेदभावच होय, असा त्याचा आशय आहे. तिथे दयेची भाषा नाही, हक्काची आहे.

मालकांसाठी दोन शब्द

सूचना एकाच माणसाने द्याव्यात. तिघांनी तीन प्रकारे सांगितले की मुलगा गोंधळतो आणि मग ‘त्याला समजत नाही’ असे म्हटले जाते. वाक्य छोटे असावे. ‘जरा तिकडचे आवरून घे’ म्हणण्याऐवजी ‘हे पाच बॉक्स त्या फळीवर ठेव’ म्हणावे. चोवीस वर्षांच्या माणसाला ‘बाळ’, ‘सोन्या’ म्हणू नये, नावाने हाक मारावी. कामगारांपैकी कुणी चेष्टा करीत असेल, त्याच्याकडून स्वतःची कामे करून घेत असेल किंवा पैसे उकळत असेल तर ते मालकानेच थांबवायला हवे, कारण तो मुलगा बहुधा तक्रार करणार नाही.

पगार पहिल्याच दिवशी ठरवावा. ‘वेळ जातोय ना त्याचा, पैसे कशाला?’ हे वाक्य पालकांना ऐकावे लागते आणि उपकाराच्या ओझ्याखाली ते गप्प बसतात. दोन आठवड्यांचा अनुभव विनामोबदला असू शकतो, कायमचे काम असू शकत नाही. पालकांनीही मुलाविषयी काही लपवू नये. फिट्स येत असतील, औषधे चालू असतील, मोठ्या आवाजाने तो बिथरत असेल तर आधीच सांगावे. नंतर कळले की मालकाचा विश्वास उडतो.

कागदपत्रे

हा भाग रुक्ष आहे, तरी टाळता येण्याजोगा नाही.

दिव्यांगत्वाचे प्रमाणपत्र आणि यूडीआयडी ओळखपत्र यांसाठी केंद्र शासनाच्या ‘स्वावलंबन’ पोर्टलवर अर्ज करावा लागतो आणि मग सरकारी रुग्णालयात तपासणी होते. सवलतींसाठी सामान्यतः ४० टक्के किंवा त्याहून अधिक दिव्यांगत्व नोंदलेले लागते. बौद्धिक अक्षमतेचे लहानपणी काढलेले प्रमाणपत्र अठराव्या वर्षी नव्याने करून घ्यावे लागते, ते मग आयुष्यभर चालते. अनेक घरांत दहाव्या वर्षीचाच कागद पडून असतो. तो आजच काढून पाहा.

शिक्षण अर्धवट राहिले असेल तर राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्था, म्हणजेच एनआयओएस, हा चांगला पर्याय आहे. तिथे एकेक विषय घेऊन परीक्षा देता येते, नोंदणी पाच वर्षे टिकते आणि त्या काळात नऊ संधी मिळतात. तिसरी, पाचवी आणि आठवीच्या समकक्ष स्तरही आहेत. काही नोकऱ्यांसाठी एवढा दाखलाही पुरतो.

सरकारी नोकरीत २०१६ च्या कायद्याने आरक्षण तीनवरून चार टक्के झाले. १९९५ च्या जुन्या कायद्यात बौद्धिक अक्षमता किंवा स्वमग्नता असलेल्यांना नोकरीत आरक्षणच नव्हते. आता स्वमग्नता, बौद्धिक अक्षमता, अध्ययन अक्षमता, मानसिक आजार आणि बहुविकलांगता यांना मिळून एक टक्का आहे. जागा थोड्या आणि उमेदवार फार, म्हणून केवळ याच आशेवर वर्षे घालवू नयेत. पण आपल्याला हक्क आहे हे माहीत असावे. शीवला दिव्यांगांसाठी केंद्र शासनाचे राष्ट्रीय करिअर सेवा केंद्र आहे. पूर्वी ते व्यवसाय पुनर्वसन केंद्र म्हणून ओळखले जाई. तिथे उमेदवाराची क्षमता तपासून मार्गदर्शन केले जाते.

मूल अठरा वर्षांचे झाले की कायद्याच्या दृष्टीने ते सज्ञान होते. आईवडील आपोआप पालक राहत नाहीत. स्वमग्नता, सेरेब्रल पाल्सी, बौद्धिक अक्षमता आणि बहुविकलांगता असलेल्यांसाठी १९९९ च्या राष्ट्रीय न्यास कायद्याखाली कायदेशीर पालक नेमता येतो. त्यासाठी जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालील स्थानिक स्तर समितीकडे, म्हणजे आपल्यासाठी पालघरला, अर्ज करावा लागतो. बँकेच्या कामांत हा दाखला मागतात. मात्र ज्या तरुणाला आपले व्यवहार समजतात त्याच्यासाठी तो घाईने काढण्याची गरज नाही.

आणखी एक नाजूक बाब. वडील सरकारी नोकरीत असतील तर दिव्यांग अपत्याला पुढे आजन्म कुटुंबनिवृत्तिवेतन मिळू शकते. आपल्या पोटापुरते कमावता न येणे ही त्यातली अट. संजय गांधी निराधार योजनेलाही उत्पन्नाची मर्यादा आहे. मुलाने कमावले तर हे बुडेल, या भीतीने काही पालक त्याला घरीच ठेवतात. भीती अगदीच निराधार नाही, पण प्रत्येक छोट्या कमाईने लाभ जातोच असेही नाही. केंद्र शासनाने २०२१ मध्ये आपल्या कर्मचाऱ्यांच्या अशा अपत्यांसाठी उत्पन्नाची मर्यादा शिथिल केली आहे. वडिलांच्या कार्यालयात आणि तहसील कचेरीत आधी लेखी विचारून घ्या, मग ठरवा.

सगळ्यांनाच पगाराची नोकरी मिळेल असे नाही. काही मुलांची अक्षमता तीव्र असते. त्यांच्यासाठी दररोज ठरलेल्या वेळी तुळशीला पाणी घालणे किंवा जेवणाची ताटे मांडणे हेही काम असते, फक्त ते त्यांचेच राहू द्यावे, घाईत दुसऱ्याने उरकून टाकू नये.

ज्यांना पगार मिळू लागेल त्यांच्याविषयी एक शेवटचे. खाते मुलाच्या नावावर असावे. पगारातला काही भाग घरखर्चाला, काही शिलकीला, आणि काही पूर्णपणे त्याचा. त्या शेवटच्या भागातून तो लाल चपला घेईल, वडापाव खाईल, नाहीतर घरात तीन घड्याळे असताना चौथे आणील. घेऊ द्या. घड्याळ बंद पडले तर दुकानात परत न्यायलाही त्यालाच पाठवा.